ब्रूजच्या धक्क्यावरचा बाक

गाइडबाईंनी मला सरळ प्रश्न विचारला आणि मी मान डोलावली. चूक एवढीच होती. त्या दिवशी ती मला चूक वाटलीही नाही, आणि पुढे काही वर्षं तो दिवस मी लोकांना अभिमानाने सांगत राहिलो. आता तो जसा घडला तसा सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही अबुधाबीत होतो, मी एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर आणि बायको बँकेत. मुलगी झाली, पहिलं वर्ष दोन्हीकडच्या आयांनी आलटूनपालटून निभावलं, आणि मग मी कराडला आत्याला फोन केला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, स्वतःचं छोटं घर घेतलं, आणि माझी अकरावी-बारावी त्या घरात, तिच्या डोळ्यांसमोर झाली. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तो तिच्यामुळे, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य होतं. मी फोन केला तेव्हा ती नुकतीच निवृत्त झाली होती. "मुलगी सांभाळायला ये" असं मी म्हटलं नाही. "थोडे दिवस ये की इकडे" असं म्हटलं. ती आली.

आखातात हे सगळेच करायचे. मूल झालं की देशातून कुणीतरी व्हिजिट व्हिसावर यायचं. आधी तिची आई, मग त्याची आई, मग जे कुणी मोकळं असेल ते. व्हिसा संपला की त्या माणसाला देशाबाहेर पाठवायचं आणि नवा व्हिसा निघाला की परत आणायचं. बहुतेकांचे आईवडील त्यासाठी समोरच्या, इराणच्या किश बेटावर जाऊन हॉटेलात बसत. सासूबाईंचा व्हिसा कधी संपतोय, हे आमच्यात दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखं बोललं जाई, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

आत्याचा व्हिसा संपायच्या सुमारास माझी वार्षिक रजा येत होती. मी दोन्ही जुळवलं. तिला किशला पाठवण्याऐवजी आम्ही सगळे युरोपला जायचं, आणि परतताना ती नव्या व्हिसावर आमच्याबरोबर अबुधाबीत उतरेल. युरोपचा व्हिसा तिने कराडहून निघतानाच मुंबईत करून घेतला होता, कारण मी तसं सांगितलं होतं. म्हणजे हे मी बरंच आधीपासून मनात धरलं होतं. मुलगी दीडेक वर्षाची होती. तिला घेऊन युरोप फिरायचा तर तिसरं माणूस बरोबर असलेलं बरं, हेही मनात होतं. ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

शुक्रवारी आमच्याकडे दोन-तीन मराठी कुटुंबं जेवायला यायची. त्यांना मी सांगितलं, "लोक आपल्या माणसांना किशला पाठवतात. मी आत्याला युरोप दाखवतोय."

"आत्या, नशीबवान आहात," एक वहिनी म्हणाल्या. "भाचा असावा तर असा."

"हुशार आहे भाचा," आत्या म्हणाली. "एका दगडात किती पक्षी मारतो, ते मोजायला गणिताचीच बाई लागेल."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

ब्रसेल्सहून एका दिवसाची बससहल होती, आधी गेंट आणि मग ब्रूज. दोन्ही मध्ययुगातली, कालव्यांची शहरं. गाइडबाई पन्नाशीच्या होत्या. ऊन असो नसो, त्या लाल छत्री मिटवून उंच धरायच्या आणि आम्ही तिच्यामागून चालायचो. सकाळी त्यांनी प्रत्येकाला कुठून आलात ते विचारलं. मी "अबुधाबी" म्हटलं. त्यांनी आमच्याकडे एकदा नीट पाहिलं. पुढे मी, खांद्याला कॅमेरा. शेजारी बायको. मागे सुती साडीवर जाड स्वेटर घातलेली, पायात कॅनव्हासचे बूट असलेली आत्या, बाबागाडी ढकलत.

आत्याला इंग्रजी वाचता येई, पण बाईंचे उच्चार तिच्या कानात बसत नव्हते. मी मराठी करून सांगत होतो आणि ते काम मला आवडत होतं. गेंटमध्ये आधी सरदाराचा दगडी किल्ला पाहिला. तिथून थोडं चाललं की कालव्याच्या काठाने व्यापाऱ्यांची उंच घरं उभी होती, पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्यांची, खाली पाण्यात उलटी दिसणारी. आत्या कठड्याला टेकून पाहत राहिली.

"दुकानदारांनी किल्ल्याइतकी उंच घरं बांधली," ती म्हणाली. "सरदाराला रोज खिडकीतून दिसत असणार."

मी हे गाइडबाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना आवडलं असतं, असं आता वाटतं.

गेंटहून ब्रूजला जाताना बसमध्ये बाईंनी माइक हातात घेतला आणि ब्रूजमधल्या एका वस्तीबद्दल सांगायला सुरुवात केली. सातआठशे वर्षांपूर्वी तिथे फक्त बायका राहायच्या. त्यांनी लग्न केलेलं नसे, किंवा नवरे वारलेले असत. पण त्या संन्यासिनीही नव्हत्या. कातून, धुऊन, शिकवून पोट भरायच्या, आपापल्या घरात राहायच्या, आणि वाटलं तर वस्ती सोडून जाऊ शकायच्या. मी हे सगळं आत्याला सांगितलं.

"लग्न नाही आणि संन्यासही नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"आणि घर स्वतःचं?"

"राहायला स्वतःचं, असं म्हणतायत."

"मग लोक काय म्हणायचे त्यांना?"

"ते नाही सांगितलं."

"विचार ना."

भरल्या बसमध्ये हात वर करून हे विचारायचा मला संकोच वाटला. "नंतर विचारू," मी म्हटलं.

"मला ते बघायचंय," आत्या म्हणाली. "बोटबीट राहिली तरी चालेल. ती घरं बघू."

अबुधाबीत ती आल्यापासून तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मी "बघू की" म्हटलं.

ब्रूजला धक्क्यावर पोहोचलो तेव्हा मुलगी गाडीत गाढ झोपली होती. बोटी लहान, उघड्या. लोक एकेक करून बोटीत उतरत होते. गाइडबाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाबागाडी बोटीत नेता येणार नाही. तुमची नॅनी इथे बाळाजवळ थांबेल ना?"

आत्या माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. बाकी उच्चार तिला कळले असतील-नसतील, पण हा शब्द ती ओळखत होती. आमच्या इमारतीखालच्या बागेत रोज संध्याकाळी ती मुलीला घेऊन बसायची, ती श्रीलंकेच्या आणि फिलिपिन्सच्या नॅनींच्या रांगेतच. तिथली पोरं दिवसभर तीच हाक मारायची.

मी मान डोलावली.

मागे लोक खोळंबले होते, घाई होती, हे खरं आहे. पण खरं कारण वेगळं होतं. "नॅनी नाही, आत्या आहे," असं म्हटलं असतं तर लगेच पुढचा प्रश्न आला असता, की मग आत्या बोटीत का येत नाही? त्याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण मग मला किंवा बायकोला बाकावर बसावं लागलं असतं.

आत्याने बाबागाडी वळवली आणि धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसली.

बोटीतून शहर फार सुंदर दिसतं. कमानी इतक्या खाली येतात की डोकं झुकवावं लागतं, आणि पलीकडे निघालं की विटांच्या भिंती थेट पाण्यातून वर आलेल्या. मी भरपूर फोटो काढले. परत धक्क्याला लागलो तर मुलगी अजून झोपलेलीच होती आणि आत्या उभी राहून पदर सारखा करत होती. तिची निघायची तयारी झाली होती. गाइडबाईंची छत्री त्या वस्तीकडे चालू लागली होती.

"आत्या, रस्ता सगळा दगडी आहे," मी म्हटलं. "गाडीला धक्के बसतील, ही उठेल. तू बस इथेच, आम्ही पटकन बघून येतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा बाकावर बसली. "बरोबर आहे," ती म्हणाली. "ड्युटी सोडून कसं चालेल?"

मी ते चेष्टेवारी नेलं.

एका पुलावरून, एका कमानीतून आत गेलं की ती वस्ती लागते. मधे मोकळं गवत, त्यावर उंच, सडपातळ, जराशी कललेली झाडं, आणि भोवताली पांढरी घरं. प्रत्येकाला आपलं दार. शांतता राखा, अशी पाटी होती, पण पाटीची गरज नव्हती. आत शिरल्यावर माणसं आपोआप हळू बोलत होती. मला कराडचं घर आठवलं. तिथे संध्याकाळी मी गणितं सोडवत असायचो आणि आत्या दारात खुर्ची टाकून वह्या तपासायची. घर तिचं, दारही तिचं. हे आठवूनही मी धावत मागे गेलो नाही, मुलीला स्वतःच्या खांद्यावर घेऊन आत्याला इकडे पाठवलं नाही. वेळ होता. एक फोटो काढला आणि गटाबरोबर परतलो.

"कशी होती घरं?" आत्याने विचारलं.

"ठीक होती. तसं काही खास नव्हतं," मी म्हटलं. तिला वाईट वाटू नये म्हणून असं बोललो, असं मी स्वतःला समजावलं.

"पांढरी होती ना?"

"हो."

"हिने दूध प्यायलंय," ती उठत म्हणाली. "लंगोट बदललाय. आणखी काही काम आहे का, साहेब?"

बसमध्ये ती मुलीला घेऊन मागे बसली. बायको खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "आत्यांना ऐकू गेलं."

"काय?"

"तुला माहीत आहे काय."

"मग तू का नाही बोललीस?"

"तुझी आत्या आहे, तू बोलशील असं वाटलं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणि मलाही बोटीत बसायचं होतं."

आत्या ठरल्याप्रमाणे नव्या व्हिसावर अबुधाबीत परतली, व्हिसा संपेपर्यंत राहिली, मुलीला मराठी बोलायला शिकवलं आणि कराडला गेली. भांडण नाही, अबोला नाही. शुक्रवारच्या जेवणांत मी फोटो दाखवायचो आणि आत्याला युरोप कसा दाखवला ते सांगायचो. फोटोंत ती फारशी नव्हती. कुणी विचारलं नाही.

नवं शतक उजाडल्यावर काही वर्षांनी आम्हाला मुलगा झाला. एका शुक्रवारी सकाळी मी सवयीने कराडला फोन लावला.

"आत्या, येशील ना?"

"येते की," ती म्हणाली. "फक्त या वेळी कोण म्हणून येऊ, तेवढं सांग."

"असं काय विचारतेस? आत्या म्हणून."

"मागच्या वेळीही आत्या म्हणूनच निघाले होते रे. ब्रूजला बदली झाली."

फोनकार्डाची मिनिटं जात होती.

"घाई नाही," ती म्हणाली. "विचार कर आणि सांग." तिचा आवाज रागावलेला नव्हता. फळ्यावर गणित घालून, मुली सोडवेपर्यंत खिडकीशी उभी राहणारी बाई बोलावी, तसा होता.

मी पुन्हा फोन केला नाही. आम्ही मुलासाठी श्रीलंकेची एक बाई ठेवली. पूर्वीही ठेवता आली असती. एके दिवशी बायको म्हणाली, "प्रत्येक वेळी व्हिसाच्या अर्जावर नातं लिहितोस. तेच तोंडाने सांगायचंय, एवढं काय अवघड आहे?"

अवघड होतं. तरी हिवाळा सुरू झाल्यावर मी फोन केला. "आत्या, ये. बाळाला बाई आहे. तुला काही काम नाही."

"मग मी तिथे करू काय?"

"काही नाही."

"ते मला जमतंय का ते बघावं लागेल," ती म्हणाली, आणि आली. मुलगी आता मोठी झाली होती, मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायची. आत्याने पहिल्याच दिवशी तिला बजावलं, "मला पाहुणचाराला बोलावलंय. पाणी आण." मुलगी "ओके, आजी" म्हणाली आणि पाणी घेऊन आली.

एका शुक्रवारी सगळे गाडीने दुबईला गेलो. बायको मुलांना घेऊन कापडबाजारात गेली आणि मी आत्याला खाडीवर नेलं, अब्रात बसवायला. अब्रा म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी. मधे इंजिन आणि त्याच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून लोक बसतात. सुट्टीचा दिवस, होडी इस्त्रीचे शर्ट घातलेल्या कामगारांनी भरलेली. होडीवाला "यल्ला, यल्ला" करत आणखी माणसं आत घेत होता. आम्ही कडेला, पाण्यालगत बसलो. होडी मध्यावर आली तेव्हा मी तिच्याकडे वळलो आणि घरून ठरवून आणलेलं बोललो.

"काय?" आत्या म्हणाली. "इंजिनमुळे ऐकू येत नाही."

मी पुन्हा बोललो.

"मोठ्याने बोल. वर्गात पुटपुटायचं नाही."

तिला पहिल्यांदाच ऐकू गेलं होतं, हे तिच्या तोंडावरून मला दिसत होतं. पण ब्रूजला मी मान डोलावली ती चारचौघांत, हेही खरं होतं. समोरचे दोघे-तिघे आमच्याकडे बघू लागले होते. मी आवाज चढवला.

"ब्रूजला त्या बाईंनी तुला नॅनी म्हटलं आणि मी हो म्हटलं. तू माझी आत्या आहेस, हे मी सांगितलं नाही, कारण मग बाकावर मला बसावं लागलं असतं. आणि ती घरं फार सुंदर होती. काही खास नव्हतं, हे मी खोटं सांगितलं. तुला बघायची होती, आणि मी बघू दिली नाहीत. माझं चुकलं, आत्या. मला माफ कर."