सहीनंतरच्या पाच ओळी

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, दहिवलीच्या आमच्या घरी, एका लेखाला तीनशे रुपये असं ठरलं. हजर तिघंच: मी, माझी बायको शुभांगी आणि नर्सबाई. नर्सबाई म्हणजे खालापूरच्या सकीना मुकादम. सरकारी आरोग्यसेविका म्हणून एकतीस वर्षं डोंगरातल्या वाड्या पायी फिरून निवृत्त झालेल्या. रक्कम ऐकून त्यांनी चष्मा पदराने पुसला आणि म्हणाल्या, "पैसे ठीक हायत भाऊ. पण माझी एक अट हाय. जिथं मी सुई टोचली नाय, तिथलं मी लिहिणार नाय."

घरामागच्या जागेत आम्ही पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. भाच्याने वेबसाइट करून दिली होती, पण ती कुणाला दिसतच नव्हती. भाचा म्हणाला, मामा, आसपासच्या जागांवर चांगले लेख लिहून घ्या, आपल्या साइटवर टाका, दोन-चार भटकंतीच्या साइटांना द्या, प्रत्येकाखाली आपल्या खोल्यांची लिंक ठेवा. लोक वाचत वाचत येतील. मला हिशेब येतो, लिहिता येत नाही. शुभांगीला नर्सबाई आठवल्या. आमच्या मुलीला पोलिओचे डोस त्यांनीच पाजले होते, आणि एसटी स्टँडवर भेटल्या की एखाद्या वाडीची गोष्ट अशी सांगायच्या की आमची गाडी सुटायची.

नर्सबाई एकरेघी वहीत लिहायच्या, मी टाइप करायचो. छापील कागद घेऊन खालापूरला गेलो की त्या बोट ठेवून ओळ न ओळ वाचायच्या आणि खाली सही करायच्या. लसीच्या रजिस्टरवर करायच्या तशी, तारखेसकट. "झाली सही. आता टोचा." टोचा म्हणजे साइटवर चढवा. सहीशिवाय एकही लेख चढवायचा नाही, हा त्यांचा नियम. एकदा मी 'निसर्गाच्या कुशीत वसलेली वाडी' असं पदरचं घातलं होतं. बोट तिथंच थांबलं.

"कुशीत पोर असतं, भाऊ. या वाडीत दगड उचलला की विंचू असतो. विंचू लिवा."

विंचू लिहिला. आमचे त्याआधीचे सगळे लेख मिळून जेवढे वाचले गेले नव्हते, तेवढा तो एकटा वाचला गेला. मी त्यांना फोन करून सांगितलं, तर म्हणाल्या, "विंचवाला द्या मग तीनशे."

सातवा लेख दिवाळीनंतरचा. डोंगरातल्या एका ठाकरवाडीच्या पाण्यावरचा. कातळात झरा, खाली न्हाणीएवढं कुंड, आणि उन्हाळ्यात वाडीला प्यायला तेवढंच. बाया चपला लांब काढून ठेवतात, हंडा पाण्यात बुडवत नाहीत, करवंटीने भरतात. सगळं लिहिलं होतं, फक्त तिथं जायची वाट नव्हती. मी विचारलं.

"वाट नको. ते पाणी हाय, ठिकाण नाय."

सही झाली, लेख चढला. महिन्याभरात बावीस जणांनी खाली प्रतिक्रिया लिहिल्या, त्यांतल्या सतरा जणांचा प्रश्न एकच: जायचं कसं? मी रोज आकडे बघायचो. लोक लेख शेवटपर्यंत वाचत, आणि वाट नाही म्हणून साइट सोडून जात. खोल्यांच्या पानावर कोणी येईना. एका दुपारी मी पाच ओळी घातल्या. डांबरी रस्ता कुठे सोडायचा, गाडी कुठे लावायची, तिथून उजवीकडे किती मीटर. मी स्वतः जाऊन मोजून आलो होतो. एकही आकडा चुकीचा नव्हता. सही घ्यायला मात्र गेलो नाही. त्या नाही म्हणतील हे मला माहीत होतं. खाली नाव त्यांचंच राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या चारही खोल्या ओळीने सहा शनिवार-रविवार भरल्या.

मे महिन्यात नर्सबाईंचा फोन आला. "वाडीवरनं निरोप हाय. गाडी काढा." कुंडापाशी शांपूच्या पुड्या, बाटल्या, थर्माकोलच्या प्लेटी. पाण्यावर फेस. कातळावर कुणीतरी रंगाने नाव लिहिलेलं. हिराबाई ठाकरीण आमची वाट बघत उभी होती. तिची तिन्ही बाळंतपणं नर्सबाईंनी केलेली.

"बाय, पोरं चड्डीवर उड्या मारतात न आमी हंडे घिऊन वर बसून ऱ्हातो. मोबाईल तोंडावर धरतात आमच्या. नातीनं वाचून दावलं. तुमचं नाव हाय खाली. आमचं पानी इकलंत तुमी?"

नर्सबाईंनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मी गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा होतो. बोलायला किती वेळ होता ते मला आजही सांगता येईल, पुरेसा होता. मग त्या म्हणाल्या, "चुकलं गं, हिरा."

हिराबाई म्हणाली, "आज चा नाय टाकत." एकतीस वर्षांत त्या वाडीवरून नर्सबाई चहाशिवाय परतल्या नव्हत्या.

परत येताना गाडीत त्या म्हणाल्या, "त्या ओळी मी लिहिलेल्या नायत."

"नाही. माझ्या आहेत."

"माहीत हाय. तुमी बोलाल म्हणून मी थांबले होते. मी नाव घेतलं असतं तर चहाडी झाली असती, भाऊ. तुमी घेतलं तर कबुली."

मी म्हणालो, रविवारी जातो आणि सांगतो. त्याच संध्याकाळी लेख काढला. पण तोवर चार साइटांनी तो नर्सबाईंच्या नावासकट उचलला होता. चौघांना लिहिलं, एकाने काढला. रविवारी पाहुणे होते. पुढच्या रविवारी गाडी गॅरेजला होती. मग पाऊस लागला. नर्सबाईंनी पुन्हा वही पाठवली नाही. श्रावणात एसटी स्टँडवर भेटल्या. "जाऊन आलात?" मी म्हणालो, वाट निसरडी आहे. त्या म्हणाल्या, "बरं," आणि त्यांची गाडी लागली म्हणून गेल्या. चेष्टा केली नाही, गोष्ट सांगितली नाही.

थंडीत त्या मुलीकडे रसायनीला गेल्या होत्या, तिथंच हृदयविकाराने गेल्या. मयत खालापूरला आणली. अंगण माणसांनी भरलं होतं. मी मागे उभा राहिलो, आणि कोणी मला काही विचारलं नाही.

त्यांचा चाळिसाव्या दिवसाचा फातेहा व्हायच्या आधी मी वाडीवर गेलो. हिराबाई ओट्यावर वाल निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: ओळी माझ्या, मोजमाप माझं, बाईंनी वाट द्यायला साफ नकार दिला होता. ती ऐकत होती, हात चालू होता.

"मंग बाय का नाय बोलली?"

"माझी वाट बघत होत्या."

तिचा हात थांबला. सूप तिने बाजूला सरकवलं.

"मयतीचा निरोप आलता आमाला," ती म्हणाली. "टेंपो पन उभा व्हता खाली. आमीच नाय बसलो. या वाडीतनं तिचं तोंड बघाया कुनी नाय गेलं."