गवताची गाठ

नोकरीतल्या पुष्कळ केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. उमरोळीजवळच्या निसर्ग केंद्राची तेवढी जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो.

केंद्र डोंगराच्या पायथ्याशी. तिथला माहितगार चाळिशीचा वारली शेतकरी. पाहुण्यांना रानात फिरवून बिळं, घरटी, पाऊलखुणा दाखवायचा. एका सकाळी खबऱ्याचा फोन आला. केंद्रामागचं बीळ खणून कुणीतरी खवल्या मांजर जिवंत नेलं होतं, आणि बिळाशेजारच्या झुडपाला याच माणसानं गवताची गाठ मारून ठेवली होती.

मी त्याला ठाण्यात बोलावलं. गाठ त्यानं लगेच कबूल केली.

"आमच्यात मधाचं पोळं दिसलं का झाडाला गाठ मारतात, साहेब. मग दुसरा कोणी हात लावत नाय. बिळाला पण कोणी हात लावू नये म्हणून मारली."

मी हसलो. चोराला खूण करून द्यायची आणि वर राखण केली म्हणायचं!

"ही खूण आणखी कुणाला माहीत?"

"पाव्हण्यांना सांगतो ना. रविवारी चार जण आलेले, बीळ दोनदा बघितलं त्यांनी. वहीत नोंद हाय. वही बघा, साहेब."

वही मी मागवली नाही. दोन दिवस त्याला सकाळी बोलवायचं, संध्याकाळी सोडायचं, तोच प्रश्न फिरवून विचारायचा. दमलेला माणूस खरं बोलतो, हा माझा अनुभव. तो दमला, पण जबाब बदलला नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या महिला हवालदार स्वतःच जाऊन वही घेऊन आल्या. नावं खोटी होती, पण रखवालदारानं गाडीचा नंबर लिहून ठेवला होता. दुपारी आम्ही सरावलीतल्या एका खोलीत शिरलो. पलंगाखाली गोणी होती.

"साब, पार्टी कल आनेवाली थी," खोलीतला माणूस म्हणाला.

वनखात्यासमोर पंचनामा झाला. डॉक्टरांनी जनावर तपासलं. मादी होती, पोटात पिल्लू.

"पाण्यावाचून गेली. फार वेळ नाही झाला, आज पहाटेच."

चौघेही सापडले, वरिष्ठांनी पाठ थोपटली. मला तोंड वर करवेना. मी कबुलीची वाट बघत बसलो होतो, आणि तो पहिल्या तासापासून मला पत्ता सांगत होता. समोरच्याचं ऐकून घेणं मी इतक्या उशिरा शिकलो.

माफी मागायला केंद्रावर गेलो, तेव्हा तो अंगण झाडत होता. पाहुण्यांना फिरवणं त्यानं सोडलं होतं.

"तुमची काय चूक? त्यांना सांगितलं मीच ना."

निघताना मी विचारलं, डोंगरात अजून एखादं असेल का?

"नाय, साहेब."

खरं की खोटं, मला ओळखता आलं नाही. आणि पुन्हा विचारायचा हक्क माझ्याकडे उरला नव्हता.