दारातच काढलेले बूट

आमचं शारजाच्या औद्योगिक भागात जपानी गाड्यांच्या जुन्या स्पेअर पार्ट्सचं दुकान. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल, ह्यांची बायपास झाली आणि माणूस घाबरला तो घाबरलाच. डॉक्टर सांगून दमले, चाला, जिने चढा. हे आपले दुबईतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर. बिल्डिंगची लिफ्ट बंद असली की दुकानाला दांडी! मुलगी म्हणाली, "बाबा, यू आर फाइन!" तर तिच्यावरच ओरडले, "आता खलास. दुकान विकायचं, गावी जाऊन पडायचं." दुकानाचं मला काही नव्हतं हो, धास्ती होती ती त्या पडण्याची.

जपानहून आम्हाला माल पाठवणारा एक म्हातारा व्यापारी होता. इतक्या वर्षांचा संबंध, तेव्हा दुकान बंद करतोय हे त्याला समोर जाऊन सांगावं, असं मीच ह्यांच्या डोक्यात भरवलं आणि ह्यांना जपानला नेलं.

दुसऱ्याच दिवशी त्यानं आम्हाला डोंगरावरचं बुद्धाचं जुनं देऊळ दाखवायला नेलं. आम्हाला पायथ्याच्या दरवाज्याशी सोडून तो गाडी लावायला गेला. वर बघते तर उंच झाडांतून दगडी पायऱ्याच पायऱ्या! हे म्हणाले, "तू जाऊन ये. मी इथंच बसतो."

म्हटलं, "अहो, दारातून आत पाऊल तरी टाका. नमस्कार करा आणि मग बसा."

देवळाचं दार म्हटल्यावर आपण काय करतो? बूट काढले, मोजे आत कोंबले, कडेला नीट लावून ठेवले आणि अनवाणी आत गेलो. थंडीचे दिवस, दगड बर्फासारखा गार. एका जागी पाय ठरेना. म्हणून एक पायरी, मग दुसरी, असे चढतच राहिलो. उतरणारी माणसं आमच्या पायांकडे बघून वाकून नमस्कार करत होती. मला वाटलं, किती भाविक लोक!

एवढ्यात खालून धापा टाकत तो व्यापारी आला. छातीशी आमचे चारही बूट! "शूज! नॉट हिअर, टॉप, टॉप!" बूट वरच्या मंदिरात शिरताना काढायचे असतात म्हणे. हे तर शरमून गेले. "अगं, माझ्याहून मोठ्या माणसानं माझे बूट वाहून आणले!" दोन्ही हातांनी बूट घेतले, पायरीवर बसले आणि खाली बघितलं. दरवाजा काडेपेटीएवढा दिसत होता.

"इथवर मी आलो?"

"मग काय मी कडेवर आणलं?"

त्यांचा हात छातीवर गेला. माझं धाबं दणाणलं. "काय होतंय?"

"काही नाही गं. धडधडतंय, पण नीट धडधडतंय." बूट घातले, नाड्या बांधल्या आणि उठले. "यल्ला, चल!"

थांबत थांबत वर पोचलो. मंदिराच्या उंबऱ्याशी तिघांनी बूट काढले. दुकान बंद करायचं सांगायला आलेला माझा नवरा त्याला म्हणाला, "नेक्स्ट मंथ, सेम कंटेनर. ओके?" म्हातारा हसून वाकला, हेही वाकले.

उतरताना गुडघे दुखले ते माझे. हे पुढे, मी मागे.