पणजोबांना दिलेली ताकीद

डहाणूपासून वेवजीपर्यंत संडासाबद्दल माझ्या काकांइतक्या आदराने बोलणारा माणूस सापडणार नाही. ते झरीचे गवंडी, आणि बांधतात मुख्यतः संडासच. कुणाच्याही घरी गेले की चहाआधी मागच्या बाजूला जाऊन पाण्याचा उतार बघून येतात. योजनेतून मिळालेल्या संडासात कुणी जळण रचून ठेवलेलं दिसलं, की सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं म्हणतात, "तुझी लाकडं तुझ्यापेक्षा सुखात राहतात रे."

मला शेतकी कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा जातपडताळणीसाठी पणजोबांचा लेखी पुरावा हवा होता. तो नसेल तर प्रवेश रद्द. आमच्या घरात काकांच्या आधी कुणाला सहीसुद्धा येत नव्हती, पुरावा कुठून येणार? काका प्लॅस्टिकची पिशवी काखेत मारून निघाले. म्हाताऱ्यांना पणजोबांचं नाव धड आठवेना, पण ते सकाळी कुठे जायचे हे सगळ्यांना तोंडपाठ. "तो ना? ताडाखाली बसायचा. भाऊ त्याचा ओढ्यापलीकडे. पटायचं नाही दोघांचं," एक आजी म्हणाली. काकांनी तेवढ्यावर वंशावळ काढली. नावांच्या जागी झाडं. डहाणूच्या कार्यालयातले साहेब ती बराच वेळ न्याहाळत राहिले.

"हे वनखात्याचं आहे का?"

"नाही साहेब. घराणं आहे."

महिनाभर खेटे घातल्यावर पोलिसांच्या जुन्या दप्तरात एक पान निघालं. कुठल्याशा बंगल्याच्या विहिरीजवळ शौचास बसलेल्या इसमास उठवून ताकीद दिल्याची नोंद. खाली पूर्ण नाव, बापाचं नाव, जात, गाव आणि अंगठा. काकांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. "बघ पोरी, आजा तिथे बसला म्हणून तू शिकणार."

तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो. त्याच पानावर माझी पडताळणी झाली आणि आमच्या घरातली पहिली पदवी आली. पुढे कधीतरी माझ्या मनात आलं, की पणजोबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या वाडीत चिकू उतरवले, पण तेव्हा त्यांचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

यंदा काकांनी आमच्या घरामागे संडास बांधला. दाराशेजारच्या ओल्या गिलाव्यावर खिळ्याने पणजोबांचं नाव मला लिहायला लावलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. मग थापी धुता धुता थांबले आणि त्या नावाकडे बघत हळूच म्हणाले, "ये आजा, बस निवांत. आता कुणी उठवणार नाही."