काकीचे सुतक

माझी काकी उंचीने चार फूट, आवाजाने मात्र तोफ. ती आमच्या तुये गावात खोकली की पार केरीच्या समुद्रातले मासे जाळ्यातून उड्या मारतात. हे मी वाढवून सांगत नाही. उलट थोडे कमीच सांगतोय.

शिगम्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा एक परगावचा माणूस वाड्यावर आला आणि त्याने एका मुलीला पत्ता विचारला. पोरे पळवणारी टोळी आल्याचे निरोप मोबाईलवर फिरून आमची डोकी आधीच तापलेली. पाच मिनिटांत दोनशे माणसे जमली. (वाड्यावर साठच राहतात, पण दोनशे होती.) हातात दांडे. माझ्याही. मी मागे होतो, नुसता बघायला, असे अजून सांगतो.

तो माणूस तेव्हा काकीच्या सोप्यावर पाणी पीत होता. तिने त्याला आत ढकलले, बाहेरून कडी घातली आणि दारात उभी राहिली.

“काकी, बाजूक हो! भायर काढ त्येका!”

“पयलो माझो जीव घेवा.”

एक दगड तिच्या कानाला घासून दारावर बसला. रक्त आले. तरी दोघे पायरी चढलेच.

पदराने कान पुसत ती म्हणाली, “येवा. आताच मुंबयसून फोन इलो. आपलो एक भावबंद गेलो. नाव सांगू?”

वाडा सगळा एका कुळाचा. सुतक आले तर उद्या ढोलाला हात लावता येणार नाही, नाचाच्या मांडावर पाऊल टाकता येणार नाही. नाव ऐकले नाही तोवर सुतक नाही, असा निवाडा आमच्या ढोलवाल्याने जागच्या जागी दिला आणि कानांत बोटे घालून पळत सुटला. आता दोन्ही कानांत बोटे घालायची तर दांडा टाकावा लागतो. अंगणात दांड्यांचा ढीग पडला. माझाही त्यातच.

मग पोलीस आले आणि त्या माणसाला सुखरूप घेऊन गेले. मेलेल्या भावबंदाचे नाव काकीने आजवर सांगितलेले नाही.

संध्याकाळी मी तिच्या कानाला हळद लावत विचारले, “काकी, जीव गेलो असतो तुझो. कित्याक केलंस?”

“तेचा पाणी पिवन जावक नाय हुता, रे. अर्धो तांब्यो हातात घेवन माणूस खय जातलो?” मग माझ्याकडे बघून, “आणि तुझ्या हातात काय हुता?”

मी तिच्या कानाला आणखी हळद लावली, लागत होती त्याच्या दुप्पट.

दुसऱ्या दिवशी मी ढोल असा बडवला की फोंड्यात खिडक्या हादरल्या. काकी काही ऐकायला आली नाही. कान दुखतो म्हणाली.