फोन चालू राहू द्या

परदेशातली माझी दुसरी नेमणूक उत्तरेकडच्या एका थंड देशात होती. दूतावास लहान. राजदूत धरून भारतातून आलेले आम्ही मोजकेच, बाकी कर्मचारी तिथलेच. मी कॉन्सुलर विभाग बघायचे, म्हणजे पासपोर्ट, व्हिसा आणि अडचणीत सापडलेली आपली माणसं. टाळेबंदी लागली, कचेरी लोकांसाठी बंद झाली आणि हेल्पलाइनचा मोबाइल माझ्यासोबत माझ्या घरी आला.

आमचं काम माणसांत बसून करायचं. जेवणं, समारंभ, कुणाच्या दालनात कॉफी घेता घेता कानावर पडलेली एखादी गोष्ट. ते सगळं बघता बघता थांबलं. उरला लॅपटॉप आणि त्यातल्या चौकोनांत दिसणारे सहकारी. मी एकटी राहत होते. सामान दाराबाहेर यायचं, आणणारा माणूस दिसायचाही नाही. गावी, घाटनांदूरला, आईशी रोज बोलणं व्हायचं, पण एकमेकींना घाबरवायचं नाही म्हणून आम्ही दोघी "सगळं बरंय" यापलीकडे जात नव्हतो.

एका दुपारी हेल्पलाइन वाजली. मी इंग्रजीत सुरुवात केली, तर पलीकडून घाईघाईनं आवाज आला, "मराठी येतंय का वो कुनाला? मराठी?"

"येतं. बोला मावशी."

"अगं माय!" म्हणाली आणि रडायलाच लागली.

हळूहळू कळलं ते असं. बाई गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याची. लेकीच्या बाळंतपणाला या देशात आली होती. लेक आणि जावई दोघंही तिथं नोकरीला. बाळ झालं आणि महिनाभरात दोघांनाही ताप आला. त्या सकाळी त्यांना दवाखान्यात नेलं होतं. घरात ही आणि तान्हं बाळ. लेकीनं जाता जाता आमचा नंबर फोनमध्ये घालून दिला होता.

"दूध कसं करायचं दावलं होतं लेकीनं, पर ही शेगडीच पेटंना. नुस्ती काच हाय. बटन न्हाई, काई न्हाई. लेकरू रडायलंय."

मी तिला व्हिडिओवर घेतलं. काचेवर बोट कुठं दाबून धरायचं ते दाखवलं. पाणी उकळलं, बाटली उकळली, मग दूध कोमट होईस्तोवर आम्ही दोघी थांबलो. बाळ प्यायला लागलं तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"तुमी कुठल्या?"

"घाटनांदूर."

"आपल्या अंबाजोगाईजवळचं? मंजी आपल्याच की! कोनाच्या घरच्या?"

हा प्रश्न कुठं जातो ते मला लहानपणापासून माहीत आहे. "आम्ही बौद्ध, मावशी," मी म्हणाले.

ती थोडी थांबली. ते थांबणं कशाचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येणार नाही. मग तिनं बाळाला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "बरं. आता एक करा. काई बोलू नका पायजे तर. पर फोन चालू राहू द्या. लई भ्या वाटतंय हितं."

मी दवाखान्याशी बोलले, तिथल्या आरोग्य खात्याशी बोलले. बाळाला दुसरीकडं हलवायचं का, असं ते विचारत होते. आजीपाशीच राहू द्या, रोज नर्स पाठवा, असं मी वरिष्ठांमार्फत कळवून मान्य करून घेतलं. आमचा ड्रायव्हर दुधाची पावडर आणि तांदूळ-डाळ तिच्या दाराशी ठेवून आला.

त्यानंतर रोज सकाळी तिचा फोन यायचा, हेल्पलाइनवर नाही, मी दिलेल्या माझ्या स्वतःच्या नंबरवर. तो टेबलावर ठेवून मी काम करायचे. अडकलेल्या विद्यार्थ्यांचे मेल, व्हिसाच्या मुदतवाढी, दिल्लीला पाठवायचे अहवाल. बाजूला तिचं घर चालू असायचं. भांडं पडलेलं ऐकू यायचं. "कावून रडायलास रं? आई येनार हाय तुजी," असं ती बाळाला सांगायची. मधेच मला विचारायची, "काय करायल्या?" कधीतरी त्याचं "काय करायलीस?" झालं. जेवलीस का विचारायला लागली. मी पाव खाल्ला म्हटलं की चिडायची. "पावानं काय व्हतंय? भात टाक." मग मी उठून भात टाकायचे.

शाळेत, कॉलेजात, परीक्षेच्या तयारीत मी माझी बोली घासूनपुसून काढली होती. तिच्याशी बोलताना ती न बोलावता परत आली. एकदा माझ्याच तोंडून "न्हाई वो मावशी" निघालं आणि मीच हसले. त्या घरात मी मोठ्यानं हसल्याचं एवढंच आठवतं.

लेक आधी बरी झाली, मग जावई. लेक घरी आली त्या दिवशी फोन तिनं केला. "मॅडम, तुम्ही खूप केलंत. आता आम्ही तुम्हाला त्रास देणार नाही." मी म्हणाले, त्रास कसला. फोन ठेवला आणि खोलीत फक्त फ्रिजचा आवाज राहिला.

मी खरंच आनंदात होते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन टेबलावर नेहमीच्या जागी ठेवला. मावशीच्या व्हिसाचं निमित्त काढून मीच एकदा फोन केला. "बाळाला आंगुळ घालायलेय, मागून करू का?" ती म्हणाली. मागून राहून गेलं. भरल्या घरात राहूनच जातं.

पुढं भारतात जाणारं विशेष विमान ठरलं. त्यात मी तिचं नाव घातलं. विमानतळावर आम्ही सगळे मास्क, चेहऱ्यावर काचेसारखं कवच, हातमोजे घालून उभे होतो. रांगेत नऊवारी एकच होती. मी हाक मारली, "मावशी!" ती थबकली. मधे दोरी बांधलेली होती.

"तू व्हय? लई बारीक हायेस गं. फोनात मोटी दिसत व्हतीस." मग डोळे बारीक करून म्हणाली, "तू कदी येनार घरी?"

"बदली झाली की."

"मंजी कदी?"

"माहीत नाही, मावशी."

तिनं दोरीवरून हात पुढं केला. मी तो धरू शकत नव्हते. मागच्यानं पुढं सरकायला सांगितलं, तशी ती सरकली. दारातून आत जाताना तिनं वळून पाहिलं, पण आम्ही सगळे सारखेच दिसत होतो. ती दुसऱ्याच कुणाकडं बघून हात हलवून गेली.

विमान गेल्यावर ड्रायव्हरनं विचारलं, घरी सोडू की कचेरीत? मी कचेरी म्हणाले. तिथं कुणी नव्हतं. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. रिकाम्या खुर्च्यांच्या हॉलसमोर, खिडकीच्या काचेमागच्या माझ्या जागेवर मी बसून राहिले. कुलूप लावायला रखवालदार आला तेव्हा उठले.