गॅसवर कुकर नव्हता

भुताखेतांची पुस्तकं मी नोकरीत असताना शेकड्यांनी कपाटांत लावली, मुलांना वाचायला दिली. खरी मात्र त्यातली एकही मानली नाही. आजही मानते असं नाही. तरी जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. जयपूरला खातीपुऱ्यात आम्ही नवरा-बायको पहिल्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. हे विमा कंपनीत, बदलीवर आलेले. मी जवळच्या शाळेत ग्रंथपाल.

माझा स्वभाव घोकत बसण्याचा. एक विचार डोक्यात शिरला की निघायचाच नाही... यांनी त्यावर एक नियम काढला होता. संध्याकाळी डाळ-भाताचा कुकर लावला की मला बाल्कनीत बसवायचे. "हं, कोर्ट सुरू. काय काळज्या असतील त्या मांडा." मी मांडायचे. तिसरी शिट्टी झाली की वाक्य अर्धं राहिलं तरी मी उठून गॅस बंद करायचा, आणि तो विषय त्या दिवशी पुन्हा काढायचा नाही.

"कोर्ट उठलं, बाईसाहेब. उरलेलं उद्या."

मी चिडायचे. पण रात्री झोप लागायची.

त्या मे महिन्यात हे ऑफिसातच गेले... हृदयविकाराचा झटका.

कुकर मी घासून मांडणीवर पालथा घातला. एकटीपुरतं पातेल्यात शिजत होतं. आणि कोर्ट काही उठेना. सकाळी छातीत जळजळतंय म्हणाले होते — तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं तर? दिवसभर हेच. पुस्तक उघडलं तरी पान पुढे सरकत नव्हतं.

साताऱ्याला बायको सुनीतासोबत राहणारा धाकटा भाऊ सुहास जुलैत मला न्यायला आला. सोमवारी शाळा उघडणार होती. रुजू व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा.

"ताई, इथं कोण आहे तुझं? सुनीतानं खोली रिकामी करून ठेवलीय."

"बघते."

"आल्यापासून बघतेच आहेस. संध्याकाळी स्टेशनवर जातोय मी. एक तिकीट की दोन, तेवढं सांग."

त्या दुपारी लाइट गेली होती. कूलर बंद, त्यामुळे घर अगदी चिडीचूप. सुहास बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता, मी बाल्कनीत. जाऊ? राहू? मग फिरून पुन्हा तीच सकाळ, तीच जळजळ...

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

भास असेल म्हणून मी हलले नाही. दुसरी झाली. तिसरी झाली तेव्हा मी विचार अर्धा टाकून, सवयीने, उठून उभी राहिले होते.

"अगं, आत्ताच तर जेवलो," आतून सुहास ओरडला. "परत कुकर कशाला लावलास?"

"मी नाही लावला."

"मग काय मी लावला, पेपर वाचता वाचता?"

दोघं आत गेलो. गॅस बंद. शेगडी थंड. कुकर मांडणीवर पालथा, शिट्टी वर खिळ्याला अडकवलेली. खालच्या राठौड भाभींचा असेल, म्हणून सुहास धडधडत जिना उतरला. पण भाभी माहेरी गेलेल्या, दाराला कुलूप. दोन्ही बाजूंचे प्लॉट मोकळे. सुहास पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. वर येऊन त्याने शिट्टी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"दुपारच्या शांततेत आवाज लांबूनही येतो कधीकधी."

"स्वयंपाकघरातून?"

त्याने शिट्टी परत खिळ्याला अडकवली.

मी बाल्कनीत परत गेले नाही. तिथेच, ओट्यापाशी, म्हणाले, "एकच तिकीट काढ."

"आणि एकटी असताना पुन्हा तेच डोक्यात सुरू झालं तर?"

"होणारच आहे. देईन की थोडा वेळ. सगळा दिवस नाही देणार."

तो आवाज पुन्हा कधी आला नाही. एकाच वेळी दोघांना भास? एवढ्या वर्षांत मला कारण सापडलेलं नाही. हे यांनीच केलं, असं म्हणायला मन धावतं. पण माहीत नाही ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी सुटता सुटता सुहास खिडकीतून वाकला. "ताई, खरं सांग. तू काही केलं नव्हतंस ना?"

"नाही रे."

"मग घरी काय सांगू मी?"

"सांग, ताई सोमवारपासून कामावर जातेय."